हँडलरमधली ओळ

दादाला ऑफिसात सगळे थांबाकाका म्हणायचे. मीटिंगमध्ये कोणी नवी कल्पना काढली, फळ्यावर दोन चौकोन आणि मधे एक बाण ओढला, की मागच्या खुर्चीतून हमखास आवाज यायचा, ‘थांबा.’ मग तो चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, की हा बाण नेमका कुठून निघाला. निम्म्या वेळा बाण कुठूनच निघालेला नसायचा. लोक हसायचे, काही जण वैतागायचे, पण त्याचं म्हणणं खोडून काढणारा त्या मजल्यावर कोणी नव्हता. घरी मात्र तो दादा. धाकट्या बहिणीने म्हणायला सुरुवात केली आणि शेजाऱ्यांपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. आपणही दादाच म्हणू.

दादाची कंपनी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहायची. केंद्रात फोन आला, की कोणती गाडी कुठे आहे, कोणती मोकळी आहे, कोणाला धाडायचं, हे तो प्रोग्रॅम सांगायचा. हे सगळं तो मेमरीतच धरून ठेवायचा, कारण डिस्कवर शोधाशोध करायला अशा वेळी सवड नसते. पण वीज गेली की मेमरी कोरी. म्हणून थोड्या थोड्या वेळाने तिची नक्कल काढून ठेवावी लागते. पूर्वी नक्कल काढताना अख्खा प्रोग्रॅम थांबवायचे, आणि तेवढा वेळ केंद्रातल्या मुली फोन कानाला लावून थिजलेल्या पडद्याकडे बघत बसायच्या. हे थांबणं कोणाला खटकलं असेल तर ते थांबाकाकालाच. त्याने ते काढून टाकायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी जे लिहिलं, ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. हे मी म्हणतो. तो कधीच म्हणाला नाही, आणि तिथेच त्याचं घोडं पेंड खायचं.

काम काय होतं ते सांगतो, घाबरू नका. मेमरी असते पानापानांची. दादाने असं केलं, की नक्कल काढायची वेळ झाली की सगळ्या पानांवर लिहायला बंदी. वाचा हवं तेवढं, लिहायचं नाही. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी पुष्कळ कामकरी राबत असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. एखादा थ्रेड बंदीच्या पानावर लिहायला गेला, की मशीनचा कारभार बघणारा सगळ्यात आतला भाग, कर्नल, त्याला जागच्या जागी उभा करतो आणि हँडलर नावाच्या एका खास थ्रेडला निरोप धाडतो, की अमक्याने तमक्या पानावर हात टाकलाय. याला पेज फॉल्ट म्हणतात, आणि नाव काहीही असलं तरी तो रोजचा व्यवहार असतो. हँडलर त्या पानाची नक्कल बाजूला ठेवतो, पानावरची बंदी उठवतो आणि अडलेल्या थ्रेडला जा म्हणतो. ज्या पानांना कोणी हातच लावत नाही, त्यांची नक्कल मागाहून सावकाश निघते. भरलेल्या हॉटेलात गिऱ्हाइकाला न उठवता, ‘जरा पाय वर घ्या’ म्हणत लादी पुसावी, तसला हा प्रकार. दादाची बायको पहिल्यांदा हे ऐकून म्हणाली होती, ‘म्हणजे दिवसभर तुमचा तो कर्नल लोकांना अडवणार आणि तुम्ही सोडवत बसणार. चांगला धंदा आहे.’

यात एक मोठी गोम होती. सगळ्यांना सोडवणारा तो हँडलर, पण तोच बंदीच्या पानावर लिहायला गेला तर? कर्नल त्यालाही उभा करणार. निरोप कोणाला धाडणार? हँडलरलाच. आणि तो तर उभा आहे, निरोप वाचणार कोण? मग बाकीचे थ्रेड एकेक करून अडत जाणार, प्रोग्रॅम मरणार नाही, चूक झाली असं कुठे उमटणारही नाही, नुसता स्तब्ध राहील. म्हणून दादाने हँडलरला स्वतःची वेगळी मेमरी दिली होती, बंदीच्या हद्दीबाहेरची, आणि एक पद्धत घालून दिली होती. हँडलरमध्ये एक अक्षर जरी बदलायचं तरी दोघांनी शेजारी बसायचं, एकाने ओळ मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रत्येक वस्तूचा पत्ता विचारायचा. हे कुठे राहतं? आत की बाहेर? नव्या पोरांना ही भानगड शाळेतल्या पाढ्यांसारखी वाटायची. ती टंगळमंगळ करायची, तोंड वाकडं करायची, पण पत्ता विचारायची.

आता दादाच्या भाच्याकडे वळू. दादाच्या बहिणीला तो पन्नाशी उलटल्यावरही छोटी म्हणायचा. छोटीचा नवरा बोटीवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. छोटीची नोकरी पाळीची. दादाला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे पोरगं वाढलं ते दादाच्याच घरात, त्याच्याच मांडीवर. ते जेवायला बसलं की आधी ताटाची पाहणी करायचं, पसंत पडलं तरच घास घ्यायचं, म्हणून मामीने त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली. नाव इतकं चिकटलं की पुढे तो खरोखरीचा साहेब झाला तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. दादाने आयुष्यात एकदाच कोणासाठी शब्द टाकला, तो याच्यासाठी. साहेब कंपनीत लागला. हुशार होताच, शिवाय त्याला बोलता यायचं. दादाला जे सांगायला फळा भरून आकृत्या लागायच्या, ते साहेब हसतहसत दोन वाक्यांत सांगायचा आणि संचालक मान डोलवायचे. बघता बघता तो दादाच्याच टीमचा प्रमुख झाला. मामाच्या रजेवर भाच्याची सही. दादाला याचं वाईट वाटावं तर तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला कौतुकाने सांगत सुटायचा. माणसाने इतकंही मोकळं असू नये, पण त्याला कोण सांगणार?

त्या सुमारास संचालकांना आकडे बघायचं वेड लागलं होतं. भिंतीवर एक मोठा पडदा बसवला होता आणि त्यावर दर कामाचा आकडा हलताना दिसायला हवा होता. साहेबाने ठरवलं, की हँडलरने किती पानं सोडवली तेही दाखवायचं. मामाचंच काम पडद्यावर झळकेल, असंही त्याच्या मनात असेल. नव्हतंच असं मी म्हणणार नाही. दादा तेव्हा रजेवर होता, बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला असताना साहेबाचा फोन आला.

‘मामा, मामी कशी आहे? बरं, एक विचारायचं होतं. हँडलरमध्ये एक आकडा वाढवायचाय. फक्त एकने. एकच ओळ आहे.’

‘पत्ता विचारलास?’

‘हो रे. बघितलंय मी.’

‘कोणाबरोबर वाचलीस?’

‘वाचतो ना. तू काळजी करू नकोस. घालू ना मग?’

आतून नर्स दादाच्या नावाने हाका मारत होती. ‘नीट वाचून घाल,’ दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. साहेबाने ऐकलं ते एवढंच, की घाल.

दादा कामावर परतला तेव्हा ती ओळ आत जाऊन बसली होती. त्याने ती उघडून बघितली नाही. दुसऱ्या कोणाची असती तर चष्मा कपाळावर चढवून पहिली तीच वाचली असती. पण साहेबाची होती. ज्याला बोट धरून लिहायला शिकवलं त्याचं लिहिलेलं तपासायचं, तेही टीमसमोर, हे त्याच्या जिवावर आलं. चाचण्या सगळ्या पास झाल्या होत्या. त्या तर पास होणारच होत्या. साहेबाने आपला आकडा ठेवला होता आकडेवारीच्या पानात, आणि ते पान बंदीच्या हद्दीत होतं. पण चाचणीत सुरुवातीपासून खोट्या फोनांचा भडिमार असायचा, आणि आलेला प्रत्येक फोन आधी त्याच पानात आपली मोजणी करायचा. म्हणजे दर नकलेला त्या पानाची बंदी पहिल्याच धक्क्याला उठलेली असायची. हँडलर त्यावर लिहायला जायचा तेव्हा दार उघडंच. गर्दी होती तोवर चूक दिसणार नव्हती.

ती दिसली एका सुस्त दुपारी. केंद्रात फोन नव्हते, मुली आळोखेपिळोखे देत होत्या. नकलेची वेळ झाली, बंदी पडली, आणि पहिला लिहायला आला तो फोन नव्हता, प्रोग्रॅममधलं घड्याळ पुढे सरकवणारा एक साधा थ्रेड होता. हँडलरने त्याचं पान सोडवलं, आणि मग आपला आकडा एकने वाढवायला आकडेवारीच्या पानावर गेला. ते बंद होतं. तो तिथेच उभा राहिला, स्वतःच येऊन आपल्याला सोडवील याची वाट बघत.

पहारा ठेवणारा दुसरा एक प्रोग्रॅम होता. तो फक्त एवढंच बघायचा, की मुख्य प्रोग्रॅम जिवंत आहे का. जिवंत होताच. त्यामुळे कुठेही घंटा वाजली नाही. पुढे एका बाईंचा फोन आला. केंद्रातल्या मुलीने पत्ता भरला, जवळची गाडी निवडली, बटण दाबलं, आणि बाईंना म्हणाली, ‘गाडी पाठवतेय, धीर धरा.’ पडद्यावरही तसंच दिसत होतं. गाडीच्या ड्रायव्हरला मात्र काहीच कळलं नाही. तो गाडीला टेकून उन्हात उभा होता. त्या बाईंनी दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा केंद्राला कळलं, की आपला पडदा केव्हाचा थिजलाय.

कंपनीत धावाधाव झाली. प्रोग्रॅम मारून पुन्हा चालू करायच्या आधी दादाने अडकलेल्या थ्रेडची यादी पडद्यावर काढली. सगळे उभे. हँडलरही उभा. कोणत्या ओळीवर उभा आहे तेही समोर होतं. साहेब खुर्चीमागे येऊन थांबला होता.

‘हा आकडा कुठे राहतो?’ दादाने विचारलं.

‘आकडेवारीत.’

‘आणि आकडेवारी?’

साहेबाचे कान लाल झाले होते. दादाने ती ओळ उडवली आणि नवा प्रोग्रॅम चढवला. मागे वळून त्याने भाच्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. लाज त्यालाच वाटत होती.

ज्याच्यासाठी गाडी मागवली होती तो शिंपी होता. अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, आणि डॉक्टर म्हणाले, की थोडं आधी आणलं असतं तर कदाचित हात राहिला असता. ‘कदाचित’ हा शब्द डॉक्टरांना बरा पडतो. दादा त्याला बघायला गेला. साहेबालाही चल म्हणाला होता, पण त्याला मीटिंग होती. शिंप्याची बायको दादाला केंद्राचा माणूस समजली आणि बसायला स्टूल पुढे केलं.

‘फोनवरची मुलगी म्हणाली गाडी पाठवतेय,’ ती म्हणाली. ‘खोटं बोलली का हो ती?’

‘नाही. तिला तसंच दिसत होतं.’

‘मग चुकलं कोणाचं?’

‘चौकशी चालू आहे,’ दादा म्हणाला. म्हणाला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. आयुष्यभर ज्यांच्या तोंडची असली वाक्यं ऐकून तो चिडायचा, त्यांच्यासारखंच बोलून तो आला होता.

आता प्रश्न एवढाच होता, की चौकशीत कोण काय बोलणार. ओळ कोणाच्या हातची ते टीममधल्या पोरांना माहीत होतं. पण मामाभाच्याच्या मधे कोण पडणार? दादाने मनाशी ठरवलं होतं. साहेबाने आपणहून उभं राहून सांगावं, की ओळ माझी, पत्ता विचारला नाही. मग आपण त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि म्हणायचं, की ती मी वाचायला हवी होती, मी वाचली नाही. दोघांनी मिळून जे व्हायचं ते सोसायचं. फक्त सुरुवात पोराने करायला हवी होती. दादाला नोकरीची पडली नव्हती. आपण वाढवलेलं पोर वेळ आली की खरं बोलतं की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं, आणि त्यासाठी तो देव पाण्यात घालून बसला होता म्हणा ना.

चौकशीच्या आदल्या दिवशी छोटी आली. ऑपरेशन झालेली वहिनी आत पडून होती, डोळ्यावरची पट्टी अजून सुटली नव्हती. छोटी थेट स्वयंपाकघरात आली, दादा भांडी विसळत होता त्याच्या शेजारी उभी राहून एकेक भांडं पुसायला लागली.

‘दादा, त्याचं नाव येऊ देऊ नकोस.’

‘ओळ त्याची आहे, छोटे.’

‘ते मला कळतं. तो मला सगळं बोललाय. रडला काल. पण तुझं आता काय राहिलंय? त्याचं सगळं व्हायचंय अजून.’

‘त्याने स्वतः सांगितलं तर त्याचं काही होत नाही. मी आहे ना बाजूला.’

‘आणि झालं तर?’

दादाने नळ बंद केला. ‘मी त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार नाही. पण त्याने उघडावं. एवढं सांग त्याला.’

छोटीने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘तू आहेस म्हणून आम्ही आहोत.’ ती गेल्यावर आतून बायको म्हणाली, ‘ऐकलं मी सगळं. माझा डोळा बांधलाय, कान नाही. अहो, तुम्हाला गुंडाळून ठेवतील हे लोक.’

‘माझी बहीण आहे ती,’ दादा म्हणाला.

‘म्हणूनच म्हणते,’ बायको म्हणाली.

चौकशीला संचालक होते, केंद्राचे दोन अधिकारी होते, टीम होती. दादाने हँडलर कसा चालतो ते सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. मग संचालकांनी विचारलं, ‘नियम जर एवढा स्पष्ट होता, तर ही ओळ आत आली कशी?’

दादाने साहेबाकडे बघितलं. साहेब टेबलावरचं पेन सरळ करत होता. त्याने पेन सरळ केलं, पुन्हा तिरकं केलं. दादाला वाटलं, आता बोलेल. मनातल्या मनात तो त्याला ढकलत होता, पहिल्यांदा सायकल शिकवताना ढकललं होतं तसं.

‘सर, मी सरांना विचारूनच घातली,’ साहेब म्हणाला. ऑफिसात तो मामाला सर म्हणायचा. ‘ते रजेवर होते. मी फोन केला होता. ते म्हणाले, घाल.’

‘बरोबर आहे हे?’ संचालकांनी दादाला विचारलं.

आता इथे दादाने काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं. ‘थांबा’ म्हणायला हवं होतं. जन्मभर ज्या शब्दावर याची ओळख झाली, तो शब्द त्या दिवशी नेमका कुठे गेला होता कोण जाणे. साहेबाचं म्हणणं धड खोटं असतं तर दादाने त्याचे वाभाडे काढले असते. पण फोन झाला होता. घाल हा शब्दही निघाला होता. पत्ता विचारलास का, कोणाबरोबर वाचलीस, हे सगळं त्याच्या आधी होतं, आणि ते आता त्या फोनमधून कोण काढून दाखवणार? शिवाय छोटीला दिलेला शब्द. दादाची नजर पुन्हा साहेबाकडे गेली, की अजूनही पुढचं वाक्य बोलेल. साहेब पेनाकडे बघत होता.

‘फोन आला होता,’ शेवटी दादा म्हणाला.

संचालकांनी मान हलवली आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

त्यानंतरचं सगळं फार सभ्यपणे झालं. कोणी दादाला कामावरून काढलं नाही. हँडलरची जबाबदारी तेवढी त्याच्याकडून काढून घेतली, आणि त्याला जुन्या सूचनापत्रकांची भाषा सुधारायला बसवलं. मीटिंगला कोणी बोलवेना. मागची खुर्ची कोणीतरी दुसऱ्या खोलीत नेली. काही महिन्यांनी त्याने स्वतःच लवकर निवृत्ती मागितली, आणि ती अशा घाईने मंजूर झाली की फुलांचा गुच्छसुद्धा कोमेजायच्या आत घरी पोचला. छोटी निरोप समारंभाला आली होती. टाळ्या वाजवताना तिचेच हात सगळ्यात वर होते. दादाच्या बायकोने मात्र घरी आल्या आल्या सांगून टाकलं, की यापुढे मी त्या माणसांच्या दारात पाय ठेवणार नाही, तुम्हाला जायचं तर जा. आणि बाई बोलली ते तिने पाळलं.

दादा जात राहिला. त्याला अजून वाटत होतं, की कधीतरी एकटा सापडला की साहेब बोलेल. गच्चीवर, गाडीत, कुठेही. ‘मामा, तेव्हा चुकलं माझं.’ त्याला बाकी काही नको होतं. साहेब प्रेमाने वागायचा, भेटीला आला की मामाच्या औषधांची चौकशी करायचा, फोन बिघडला तर नवा आणून द्यायचा. त्या ओळीबद्दल एक शब्द नाही. दादा स्वतःची समजूत घालायचा, की पोराला बोलायला जड जातंय.

मग साहेबाने नवं घर घेतलं. उजेड भरपूर, भिंतींना अजून रंगाचा वास. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी त्याने टीममधल्या पोरांना दुपारच्या जेवणाला बोलावलं, आणि मामाला मुद्दाम गाडी पाठवून आणवलं. पोरं नवी होती, दादाला कोणी ओळखत नव्हतं. लांब टेबलावर सगळे बसले, छोटी वाढत होती. जेवता जेवता एका मुलीने विचारलं, की हँडलरमध्ये ओळी मोठ्याने वाचून पत्ते विचारायची पद्धत कशाला, एखादा प्रोग्रॅम लिहून तपासता येणार नाही का.

दादाने मान वर केली. पद्धत अजून चालू होती तर. त्याला बरं वाटलं.

‘येईल, पण ती पद्धत मी मोडू देणार नाही,’ साहेब म्हणाला. ‘मी ती रक्त आटवून बसवलीय. एका ओळीने काय होतं ते आम्ही बघितलंय.’ आणि त्याने शेजारी बसलेल्या दादाच्या खांद्यावर हात ठेवला. हात अगदी मायेचा होता. ‘आमच्या मामाच्याच हातून झालं होतं ते. एवढा मोठा माणूस, अख्खा हँडलर ह्यांनी लिहिला, आणि आकडा ठेवला बंदीच्या पानात. मामी आजारी होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. होतं असं. आम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलं. म्हणून सांगतो, कितीही अनुभव असू दे, पत्ता विचारायचा.’

पोरांनी दादाकडे आदराने आणि थोड्या कणवेने बघितलं. ती कणव दादाला सोसली नाही.

‘ओळ तुझी होती,’ तो म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण टेबलावरचं बोलणं थांबलं. साहेब त्याच्याकडे वळला, आणि दादाने त्याचं तोंड नीट बघितलं. त्यावर चोरी पकडल्याची खूण नव्हती. कान लाल झाले नव्हते. त्याला खरोखर आश्चर्य वाटत होतं.

‘मामा, काय बोलतोयस? तूच नाही का फोनवर सांगितलंस, आकडा तिथे घाल म्हणून?’ तो म्हणाला. ‘मी विचारलं होतं तुला.’

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात ते तसंच बसलं होतं. दादाला एवढ्या वर्षांत हे सुचलंच नव्हतं. पोर बोलायला धजत नाही, असं समजून तो वाट बघत राहिला, आणि पोराकडे बोलायला काही उरलंच नव्हतं. आता खरं काय घडलं ते ठाऊक असलेलं दादाखेरीज या खोलीत एकच माणूस होतं. भाचा रडला हे तिनेच येऊन सांगितलं होतं, भांडी पुसता पुसता. दादाने छोटीकडे बघितलं.

छोटी हातात वाढायचा डाव घेऊन उभी होती. तिने मुलाकडे बघितलं, त्या नव्या पोरांकडे बघितलं. मग दादाकडे.

‘दादा, तुला नीट आठवत नसेल,’ ती म्हणाली. ‘वहिनीच्या ऑपरेशनच्या धांदलीत होतास तू तेव्हा.’

तिचा आवाज अगदी मऊ होता, तापलेल्या लेकराशी बोलावं तसा. सगळे दादाच्या तोंडाकडे बघत होते. साहेबाचा हात अजून खांद्यावर होता.

‘असेल,’ दादा म्हणाला. ‘नसेल आठवत.’

पोरांच्या जिवात जीव आला, कोणीतरी पाण्याचा जग पुढे सरकवला, बोलणं पुन्हा सुरू झालं. छोटीने न विचारता दादाच्या ताटात आणखी वाढलं. तो मान खाली घालून जेवत राहिला आणि त्याने ताटात काही टाकलं नाही.